बोलोन्याचा बिऱ्हाडकरू : निकोलस कोपर्निकस



ज्या घरातले एखादे मूल परदेशी शिकायला गेलेले नाही, असे घर आपल्या वडोदऱ्यात आता शोधावे लागेल. बँकेत असताना शैक्षणिक कर्जाच्या बऱ्याच फायली माझ्या टेबलावरून गेल्या. वडिलांचे प्रश्न ठरलेले असत : व्याज किती, हप्ता कधीपासून, जामीनदार कोण. आई बहुधा गप्प बसलेली असे. उठता उठता मात्र ती एकच गोष्ट बोलून जाई, की तिकडे हा राहणार कुणाकडे ते काही कळत नाही.

मागच्या महिन्यात आमच्या शेजारच्या मुलीला इटलीत बोलोन्याच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला. राहण्याची सोय एका इटालियन कुटुंबात होते आहे. तिच्या आईने मला तोच जुना प्रश्न विचारला. परकी माणसे, परकी भाषा, परके जेवण. पोरगी रुळेल का? मी त्यांना त्याच गावात सव्वापाचशेहून अधिक वर्षांपूर्वी बिऱ्हाड करून राहिलेल्या एका विद्यार्थ्याची हकिगत सांगितली. त्यांना ती आवडली, म्हणून आपल्या सर्व सभासदांसाठी इथे सविस्तर लिहितो आहे.

तो विद्यार्थी म्हणजे निकोलस कोपर्निकस. पृथ्वी स्थिर नसून सूर्याभोवती फिरते हे गणिताने मांडणारा. शाळेत आपण त्याच्यावर दोन ओळी शिकलो आणि पुढे गेलो. पण त्या दोन ओळींच्या मागे एक घर आहे, किंबहुना दोन घरे आहेत.

निकोलसचा जन्म १९ फेब्रुवारी १४७३ रोजी तोरून या गावी झाला. हे गाव विस्तुला नदीच्या काठी, तेव्हाच्या पोलंडच्या राजाच्या अंमलाखाली होते. वडील व्यापारी होते, तांब्याचा व्यवहार करत. चार भावंडांत निकोलस धाकटा. तो दहा वर्षांचा असताना, १४८३ च्या सुमारास वडील वारले. आपल्याकडे अशा वेळी जो माणूस पुढे येतो तोच इथेही आला. मामा. या मामांचे नाव ल्युकास वाट्झेनरोडे. हुशार, करारी आणि महत्त्वाकांक्षी गृहस्थ. ते स्वतः बोलोन्यात धर्मसंस्थेचा कायदा शिकून आलेले होते आणि १४८९ मध्ये वार्मिया या प्रांताचे बिशप झाले. बिशप म्हणजे तिथे नुसते धर्मगुरू नव्हेत, जवळजवळ संस्थानिकच. भाचे शिकले पाहिजेत आणि शिकून आपल्या कारभारात आले पाहिजेत, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

१४९१ मध्ये निकोलस आणि थोरला भाऊ आंद्रेआस यांची नावे क्राकूवच्या विद्यापीठात दाखल झाली. तिथे गणित आणि खगोलशास्त्र चांगले शिकवले जाई. निकोलसला ग्रहताऱ्यांची गोडी तिथेच लागली. पण मामांना हवा होता कायदेपंडित. म्हणून १४९६ मध्ये तेविसाव्या वर्षी आल्प्स पर्वत ओलांडून निकोलस बोलोन्याला आला.

बोलोन्याचे विद्यापीठ युरोपातले सर्वांत जुने मानले जाते. परंपरेने त्याचे स्थापनावर्ष १०८८ सांगतात. तिथे देशोदेशीचे विद्यार्थी येत आणि आपापल्या प्रांताचे मंडळ करून राहत. जर्मन बोलणाऱ्या मुलांचे असेच एक मंडळ होते. निकोलसने त्यात नाव घातले आणि ९ ग्रोसेटी इतकी वर्गणी भरली. ही नोंद त्या मंडळाच्या वहीत आजही आहे. परगावी गेल्यावर आधी आपल्या माणसांचे मंडळ शोधायचे आणि वर्गणी भरून सभासद व्हायचे, ही रीत फार जुनी आहे, हे वाचून मला तरी बरे वाटले.

आता राहण्याचा प्रश्न. आपल्याच भाषेच्या मुलांबरोबर राहणे सोपे होते. पण निकोलसने बिऱ्हाड केले ते एका इटालियन माणसाच्या घरात. घरमालकाचे नाव डोमेनिको मारिया नोव्हारा. मूळचे फेरारा गावचे, वयाने चाळिशीच्या आसपास, आणि विद्यापीठात खगोलशास्त्राचे प्राध्यापक. दरवर्षी शहरासाठी ग्रहस्थितीवरून वर्षफळ तयार करणे हे त्यांच्या कामातच मोडत असे. अमावास्या-पौर्णिमा, ग्रहणे, वर्ष कसे जाईल याचे अंदाज, सगळे त्यात असे. आपल्याकडे पंचांगकर्त्याचे घर असते तसेच ते घर, म्हणायला हरकत नाही.

दिवसा निकोलस कायद्याच्या व्याख्यानांना जाई. ती लॅटिनमध्ये असत, आणि लॅटिन त्याला येत होती. पण घरी परतल्यावर खरी शाळा सुरू होई. नोव्हारा आकाशाचे वेध घेत. निकोलस त्यांच्याबरोबर असे. तो त्यांचा शिष्य कमी आणि मदतनीस अधिक होता, असे त्याने पुढे म्हातारपणी एका तरुणाला सांगितले. तो तरुण कोण, ते पुढे येईलच.

नोव्हारा यांची एक सवय निकोलसच्या अंगी मुरली असावी. त्या काळी खगोलशास्त्रात टॉलेमी हा शेवटचा शब्द होता. तेराशे वर्षांपूर्वीचा हा अलेक्झांड्रियाचा पंडित. त्याने लिहिले ते प्रमाण. नोव्हारा यांनी टॉलेमीने दिलेले भूमध्य समुद्राकाठच्या गावांचे अक्षांश आपल्या काळच्या आकड्यांशी ताडून पाहिले. दोन्हींत एका अंशाहून जास्त फरक निघाला. त्यावरून त्यांनी पृथ्वीचा ध्रुवच सरकला आहे असा निष्कर्ष काढला. तो निष्कर्ष चुकीचा होता. पण मोठ्या माणसाचे आकडेसुद्धा तपासून घ्यावेत, ही गोष्ट त्या घरात पाप समजली जात नव्हती. बँकेत आम्ही जुन्या अधिकाऱ्याने सही केलेले खातेसुद्धा पुन्हा जुळवून पाहत असू, तसेच हे.

९ मार्च १४९७ ची रात्र. शुद्ध पक्षातला चंद्र रोहिणीजवळ आला होता. रोहिणी म्हणजे वृषभ राशीतला तो लालसर ठळक तारा. तिकडे त्याला आल्डेबरान म्हणतात. चंद्राने रोहिणीला झाकले. आपल्याकडे याला पिधान म्हणतात. निकोलसने त्याची नीट नोंद केली. टॉलेमीच्या मांडणीप्रमाणे चंद्र अर्धा दिसतो तेव्हा तो पृथ्वीच्या फार जवळ यायला हवा, इतका की तो जवळजवळ दुप्पट मोठा दिसावा. तसा तो कुणालाच दिसत नाही. त्या रात्रीच्या वेधाचा उपयोग निकोलसने पुढे आपल्या ग्रंथात चंद्राचे अंतर पडताळण्यासाठी केला. बिऱ्हाडातल्या त्या एका रात्रीची नोंद ४६ वर्षांनी छापून आली.

हे सगळे गोड वाटते, पण पैशाची बाजू तेव्हाही अवघडच होती. १४९७ मध्ये मामांच्या खटपटीने निकोलसला वार्मियातल्या फ्रॉमबोर्क इथल्या कॅथेड्रलच्या कारभारी मंडळात जागा मिळाली. या पदाला कॅनन म्हणतात. जन्मभराच्या उत्पन्नाची सोय झाली. तरी दूरदेशी रोख पैसा वेळेवर पोचेलच असे नव्हते. १४९८ मध्ये आंद्रेआसही बोलोन्यात आला आणि खर्च दुप्पट झाला. १४९९ मध्ये दोघे भाऊ कर्जबाजारी झाले. आंद्रेआस तर रोमला जाऊन नोकरी धरतो म्हणू लागला. शेवटी मामांच्या चिटणिसाने मध्ये पडून १०० डुकॅटचे कर्ज मिळवून दिले, अर्थातच व्याजाने. रोममध्ये असलेले वार्मियाचे एक प्रतिनिधी जामीन राहिले. फेड करायची होती ती मामांनीच. मी हे वाचले तेव्हा हसू आवरले नाही. अर्जदार दोन भाचे, जामीनदार ओळखीचा, परतफेड मामाची. ही फाईल आमच्या शाखेतही मंजूर झाली असती.

१५०० साली निकोलस रोमला गेला. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात त्याने तिथून चंद्रग्रहण पाहिले. १५०१ च्या उन्हाळ्यात दोघे भाऊ फ्रॉमबोर्कला परतले आणि कारभारी मंडळापुढे उभे राहिले. शिक्षण अजून अपुरे होते. मंडळाने आणखी दोन वर्षांची रजा दिली. अट एवढीच, की निकोलसने वैद्यक शिकावे आणि परत येऊन बिशप व मंडळाच्या सभासदांवर उपचार करावेत. मग तो पादुआला गेला. तिथले वैद्यकाचे शिक्षण सगळ्या युरोपात नावाजलेले होते. कायद्याची डॉक्टरेट मात्र त्याने ३१ मे १५०३ रोजी फेरारा इथून घेतली. जिथे शिकला तिथे पदवी घ्यायची तर शुल्क आणि मेजवान्या यांचा खर्च मोठा, म्हणून हे आडवळण घेतले असावे असे मानतात. फेरारा म्हणजे नोव्हारा यांचे मूळ गाव. १५०३ मध्येच निकोलस मायदेशी परतला तो कायमचा. इटलीला तो पुन्हा गेला नाही. पुढच्याच वर्षी नोव्हारा वारले.

इथून पुढे त्यांना अरे-तुरे करणे बरे नव्हे. डॉक्टर कोपर्निकस पहिली काही वर्षे मामांच्या पदरी वैद्य आणि चिटणीस म्हणून राहिले. १५०९ मध्ये त्यांनी एका जुन्या ग्रीक लेखकाच्या पत्रांचे लॅटिन भाषांतर क्राकूवला छापून मामांना अर्पण केले. १५१२ मध्ये मामा गेले. भाऊ आंद्रेआसला दुर्धर रोग जडला; लोक त्याला कुष्ठरोग म्हणत. मंडळाने त्याला दूर राहायला सांगितले, आणि तो काही वर्षांनी गेला. फ्रॉमबोर्कच्या त्या वाऱ्यापावसाच्या गावात कोपर्निकस एकटे उरले.

त्यांचे दिवस आकाश पाहण्यात जात होते असे समजू नका. १५१६ पासून काही वर्षे ते ओल्श्टिन भागाच्या जमिनींचे प्रशासक होते. ओस पडलेल्या शेतांवर कुळे आणून बसवणे, खंड ठरवणे, नोंदी ठेवणे हे त्यांचे काम. १५२१ च्या जानेवारीत ट्यूटॉनिक सरदारांनी ओल्श्टिनवर चाल केली, तेव्हा गावाच्या बचावाची व्यवस्थाही त्यांनीच पाहिली. आणि आम्हा बँकवाल्यांना जवळची गोष्ट म्हणजे त्यांनी नाण्यांवर लिहिले. चांदी कमी करून पाडलेले हिणकस नाणे बाजारात आले की लोक चांगले नाणे दडवतात आणि वाईट तेवढे फिरत राहते, हे त्यांनी प्रशियाच्या सभेपुढे १५२२ मध्ये मांडले. बी.कॉम.ला आम्ही हाच विचार ग्रेशॅमचा नियम म्हणून घोकला. ग्रेशॅम तेव्हा तीन वर्षांचे होते.

रात्री मात्र त्यांच्या होत्या. १५१४ पूर्वीच त्यांनी आपल्या नव्या मांडणीचे छोटे टिपण करून काही स्नेह्यांना पाठवले होते. मध्यभागी सूर्य, आणि पृथ्वी इतर ग्रहांसारखी त्याच्याभोवती फिरणारी. पुढे त्याचा मोठा ग्रंथ तयार झाला. पण तो त्यांनी छापला नाही. वर्षांमागून वर्षे गेली. मित्र टीडमान गीझे, जे स्वतः पुढे बिशप झाले, ते मागे लागत. कोपर्निकस पुन्हा आकडे तपासत आणि बाड पुन्हा कपाटात जाई. लोक हसतील ही धास्ती होतीच. साठी उलटली. ग्रंथ तसाच राहिला असता तर नवल नव्हते.

१५३९ च्या मे महिन्यात त्यांच्या दारात एक पंचवीस वर्षांचा तरुण उभा राहिला. नाव गेओर्ग योआखिम ऱ्हेटिकस. विटेनबर्गच्या विद्यापीठात गणिताचा प्राध्यापक. १५२८ मध्ये, तो चौदा वर्षांचा असताना त्याच्या वडिलांना गुन्हेगार ठरवून त्यांचा शिरच्छेद झाला होता, आणि घराण्याचे नाव लावण्याचा हक्कही गेला होता. ऱ्हेटिकस हे नाव त्याने आपल्या जन्मप्रांतावरून घेतले. कोपर्निकसविषयी कानावर आले आणि तो न बोलावता, ओळखदेख नसताना शेकडो मैल चालून आला. सोबत भेट म्हणून ग्रंथ आणले होते. त्यांत टॉलेमीची मूळ ग्रीक छापील प्रतही होती.

पण एक अडचण होती, आणि ती लहान नव्हती. ऱ्हेटिकस ल्यूथरपंथी होता. विटेनबर्ग हे तर ल्यूथरचेच गाव. वार्मियाचे नवे बिशप डांटिस्कस यांनी त्याच वर्षी ल्यूथरपंथीयांविरुद्ध कडक फर्मान काढले होते. शिवाय कोपर्निकस यांच्या घरावर बिशपांची नजर होतीच. घर सांभाळणाऱ्या बाईंना घराबाहेर काढायला बिशपांनी त्यांना नुकतेच भाग पाडले होते. अशा वेळी छासष्ट वर्षांच्या, पोटापाण्यासाठी त्याच चर्चवर अवलंबून असलेल्या माणसाने पाहुण्याला पाणी देऊन वाटेला लावले असते, तर कुणी नावे ठेवली नसती.

कोपर्निकस यांनी त्याला घरात घेतले. काही आठवड्यांसाठी आलेला ऱ्हेटिकस मधले प्रवास धरून दोन वर्षांहून जास्त त्या प्रांतात राहिला. हस्तलिखित त्याच्यापुढे उघडे ठेवले गेले. शंका विचारल्या गेल्या, आकडे पुन्हा मांडले गेले. गीझे यांनीही दोघांना आपल्याकडे नेऊन ठेवून घेतले. या सहवासात म्हाताऱ्याला आपले तरुणपण आठवले असणार, कारण बोलोन्याच्या दिवसांविषयी, नोव्हारा यांच्याबरोबर घेतलेल्या वेधांविषयी ते ऱ्हेटिकसशी बोलले. ऱ्हेटिकसने ते लिहून ठेवले. नोव्हारा यांच्या घरच्या त्या बिऱ्हाडकरूची हकिगत आपल्यापर्यंत आली ती कोपर्निकस यांच्या घरच्या या बिऱ्हाडकरूमुळे.

१५४० मध्ये ऱ्हेटिकसने नव्या मांडणीची ओळख करून देणारे छोटे पुस्तक ग्दान्स्कला छापले. कुणी दगड मारले नाहीत. मग कोपर्निकस यांनी मोठा ग्रंथ छापायला होकार दिला. १५४१ मध्ये ऱ्हेटिकस प्रत घेऊन निघाला. न्युरेंबर्गला पेट्रेइयस यांच्या छापखान्यात काम सुरू झाले. १५४२ च्या अखेरीस कोपर्निकस यांना पक्षाघात झाला. २४ मे १५४३ रोजी, सत्तराव्या वर्षी ते वारले. छापील ग्रंथ त्यांच्या हाती पोचला तो शेवटच्या दिवशी.

ग्रंथाच्या प्रस्तावनेत ऱ्हेटिकसचे नाव नाही. पोपना अर्पण केलेल्या पुस्तकात ल्यूथरपंथीयाचे नाव घालणे त्यांना जमले नसेल. गीझे यांना ते इतके लागले, की त्यांनी ऱ्हेटिकसला पत्र लिहून दिलगिरी व्यक्त केली. घर दिले, पण नाव द्यायला धजले नाहीत. मोठ्या माणसाच्या पदरातली ही उणीव झाकून काय उपयोग?

आता आपल्या गावाकडे वळतो, कारण राहण्याच्या जागेची गोष्ट वडोदऱ्याच्या माणसाने सांगायची आणि हे टाळायचे, असे होऊ शकत नाही. १९१३ मध्ये महाराज सयाजीरावांनी एका तरुणाला दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन न्यूयॉर्कला धाडले. कोपर्निकस यांना होती तशीच अट इथेही होती : परत येऊन संस्थानची सेवा करायची. तो तरुण म्हणजे भीमराव आंबेडकर. अटीप्रमाणे १९१७ मध्ये ते इथे नोकरीवर रुजू झाले. पण या शहरात त्यांना राहायला खोली मिळेना. जात आडवी आली. नाव बदलून ते एका उतारगृहात राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना तिथून बाहेर काढले. ओळखीच्या घरांतही आसरा मिळाला नाही. कमाटीबागेत काही तास बसून ते रात्रीच्या गाडीने मुंबईला गेले. शिष्यवृत्ती देणारे शहर हेच आणि खोली न देणारे शहरही हेच. आपल्या दांडिया बाजारात, रावपुऱ्यात तेव्हा मराठी वाडे भरपूर होते.

मी स्वतः फार वेगळा वागलो आहे असे नाही. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी विद्यापीठात शिकणारा एक मुलगा आमची वरची खोली विचारायला आला होता. मी आधी आडनाव विचारले. मग खोली नातेवाइकांसाठी राखून ठेवली आहे असे सांगितले. तशी ती राखलेली नव्हती. मुलगा नमस्कार करून जिना उतरला. तो काय शिकत होता हेही मी विचारले नाही.

शेजारची मुलगी सप्टेंबरात बोलोन्याला जाईल. तिथल्या त्या कुटुंबाने तिचे आडनाव वाचले असेलच. त्यांना ते उच्चारताही येत नसेल. तरी त्यांनी खोली दिली आहे. तिच्या आईची काळजी आता बरीच उतरली आहे. त्यांनी काल मेथीचे लाडू किती टिकतात याची चौकशी केली.

आमची वरची खोली मी आणि सौ.ने मिळून रिकामी केली आहे. जुन्या ट्रंका हलवल्या, पंखा दुरुस्त करून घेतला. विद्यापीठ उघडले की ती द्यायची आहे. कुणाच्या ओळखीत गरजू मुलगा किंवा मुलगी असेल तर मंडळाच्या कार्यालयात निरोप ठेवावा. आडनाव कळवण्याची आवश्यकता नाही.